सत्तावीस सांगितलं की बाहत्तर लिहितात (दुसरीचं गणित)

पाटीपेन्सिल · गुरु, १०/०७/२०२५ - २१:४०

आज गुरुपौर्णिमा. मुलांनी जास्वंदीची फुलं आणली, एकाने चक्क भोपळ्याचं फूल आणलं. टेबल भरलं, पण माझं लक्ष दिवसभर एका वहीतच अडकलं होतं. म्हणून हा धागा.

जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला आमची दोनशिक्षकी शाळा. पट ३१. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. दुसरीत अकरा मुलं. काल श्रुतलेखन घेतलं, शब्दांचं नाही, संख्यांचं. सत्तावीस, त्रेपन्न, चौसष्ट, असे दहा. चौघांनी सत्तावीसचे ७२ केले, त्रेपन्नचे ३५. एकोणसाठला तर सगळा वर्ग छताकडे बघायला लागला.

त्या चौघांतल्या एका मुलीबद्दल विचारायचंय. एक ते शंभर एका दमात म्हणते. मे महिन्यात आजीबरोबर रस्त्याच्या कडेला करवंदं विकायला बसते, पन्नासच्या नोटेतून तीस कापून वीस परत देताना मी स्वतः पाहिलंय. आणि वहीत ७२.

ओळखीचे एक गुरुजी म्हणाले, "अप्रगतच्या यादीत टाका आणि मोकळ्या व्हा." मला मोकळं व्हायचं नाहीये. माझं शिकवण्यात काय चुकतंय ते सांगा.

टवाळ · गुरु, १०/०७/२०२५ - २२:०५

माझी कन्या सेमी-इंग्लिशमध्ये सातवीत आहे. दूधवाल्याने "एकोणसत्तर झाले" म्हटलं की ती माझ्याकडे बघते, मी बायकोकडे बघतो. तुमची मुलं निदान काहीतरी लिहितात तरी.

दौत · शुक्र, ११/०७/२०२५ - ०६:१५

बाई, तुमचं काही चुकत नाही आणि त्या मुलीचंही नाही. ती ऐकलं तसं लिहितेय. "सत्ता-वीस". आधी सात ऐकू आले, मग वीस. तिने आधी सात लिहिले, मग दोन. इमानदार पोर आहे.

चूक असेल तर आपल्या भाषेच्या वळणात आहे, आणि ती आजची नाही. संस्कृतातही एकविंशति, आधी एक मग वीस. बोलताना एकक पुढे, लिहिताना दशक पुढे. आपण मोठे झालो म्हणून हा उलटा घास आपल्याला जाणवत नाही.

छत्तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली, त्यातली पहिली दहा वर्षं मी फक्त वह्या तपासल्या. वहीत उत्तर दिसतं, हात दिसत नाही. आज एक करा. परत सत्तावीस सांगा आणि वही बघू नका, पेन्सिल बघा. ज्यांचं उत्तर बरोबर येतंय त्यांच्या पेन्सिली बघा. मग इथे येऊन लिहा.

पाटीपेन्सिल · शुक्र, ११/०७/२०२५ - २०:५२

दौतकाका, हात बघितले. अजून डोक्यातून जात नाहीये.

सातजणांचं बरोबर होतं ना, त्यातल्या पाचजणांनी आधी ७ लिहिला! डावीकडे बोटभर जागा सोडली, सात काढला, मग मागे येऊन त्या जागेत दोन बसवला. वहीत झकास २७. मी गेलं वर्षभर त्याला बरोबरची खूण करतेय. दोघंच असे निघाले की जे थांबले, ओठ हलवले, आणि दोन लिहून मग सात लिहिला.

मग मुद्दाम "एकशे सत्तावीस" सांगितलं. पाचातल्या एकाने १ लिहिला, जागा सोडून ७ लिहिला, आणि मधे दोन मावेना. तर त्याने मुंगीच्या अंड्याएवढा २ कोंबला. दुसऱ्याने सरळ १७२. निपुण भारत या सरकारी अभियानाच्या उद्दिष्टात दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंत वाचन-लेखन आहे. म्हणजे माझ्या वर्गात गाडी चौघांची नाही, नऊजणांची अडलीय आणि मला चारच दिसत होते.

दौत · शनि, १२/०७/२०२५ - ०६:३०

आता उपाय. मी करत होतो तो सांगतो, तुमच्या वर्गात बसेल तसा बसवा.

शब्दाचं शेपूट पकडायला शिकवायचं. संख्येच्या नावाचं शेपूट म्हणजे तिचा दशक. वीस, तीस, चाळीस. मग वन्न किंवा पन्न. सष्ट, हत्तर, ऐंशी, ण्णव. आठ शेपटं. आठवडाभर लिहायचंच नाही. मी म्हणणार "चौसष्ट", मुलं फक्त शेपूट ओरडणार "सष्ट!" आणि काड्यांचे सहा गठ्ठे वर करणार. सुट्या चार काड्या नंतर. गठ्ठा आधी हातात आला की दशक आधी लिहिला जातो, वेगळं सांगावं लागत नाही. पन्नाशीत जरा त्रास होतो, कारण बावन्नचं शेपूट वन्न आणि त्रेपन्नचं पन्न. मुलं विचारतात असं का. मी म्हणायचो, दोघे भाऊ आहेत, एकाचं नाक बसकं आहे.

दुसरं, कार्डं. लग्नपत्रिका कापायच्या. रुंद कार्डावर २०, अरुंद कार्डावर ७. सातचं कार्ड वीसच्या शून्यावर ठेवलं की सत्तावीस. उचललं की खाली शून्य लपलेलं दिसतं. मुलांना ते उचलून बघण्याचं भारी वेड लागतं, बघू द्या.

एकोणवाली मंडळी या सगळ्यातून बाहेर ठेवा. तिथे शेपूट खोटं बोलतं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. ते फक्त माळेवर. शंभर मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे. तीसपर्यंत जा, एक मणी मागे ये, आता कुठे आहेस? १९ पासून ८९ पर्यंत हे घराणं चालतं, आणि ९९ ला एकदम नव्व्याण्णव. एकोणशंभर कुणी म्हणत नाही.

मोडी · शनि, १२/०७/२०२५ - ११:१८

माफ करा, पण हे सगळं वाचून वाटतं की आपण मुलांना फार लाडावून ठेवलंय. आमच्या आजोबांनी धुळाक्षरं गिरवली, पावकी-निमकी-पाऊणकी पाठ केली, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. कुणी शेपूट धरलं नव्हतं. पाच-सात पिढ्या सत्तावीस शिकल्या आणि कुणाचं अडलं नाही.

मला भीती वेगळीच आहे. हा रस्ता शेवटी "वीस सात"कडे जातो. २०१९ला तो प्रयोग झालाच होता. "तीन नवे सत्तावीस" याला जी लय आहे ती "तीन नवे वीस सात"ला आहे का? पाढा मोडला. उद्या "छप्पन्न पाहिलेत" ऐवजी "पन्नास सहा पाहिलेत" म्हणायचं का?

दौत · शनि, १२/०७/२०२५ - १३:०२

मोडी, "कुणाचं अडलं नाही" हे सांगायला जे शिकले तेच उरतात हो. ज्यांचं अडलं ते तिसरीतून गुरं राखायला गेले. माझ्याच वर्गातले दोघं गेले, म्हणून बोलतो.

२०१९चं मात्र नीट सांगितलं पाहिजे, कारण तेव्हा मी वर्गात होतो. जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. पुस्तकात एकवीसबरोबर "वीस एक" असं वाचन दिलं होतं. कारणं दोन: बोलणं आणि लिहिणं एका दिशेला यावं, आणि त्र्याण्णव, चौऱ्याहत्तर असली जोडाक्षरं जेमतेम वाचायला लागलेल्या पोराच्या आड येऊ नयेत. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. पण टीव्हीवर आठवडाभर जो गोंधळ चालला त्यात "सत्तावीस बंद!" एवढंच ऐकू आलं. विधानसभेत फडणवीसांच्या नावावरून "फडण-दोन-शून्य" असा विनोद झाला, सगळे हसले, आणि मुद्दा तिथेच मेला. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्या म्हणण्यात दम होता असं माझं मत तेव्हाही होतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्याकडे पुस्तक आधी आलं आणि समजावणारं माणूस नंतर. तेही आलं ते पडद्यावर चित्रं दाखवून, चहा पाजून गेलं. तोवर पालक शाळेच्या दारात. एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, नातवाला सत्तावीस रुपये मागितले तर तो वीस देईल की सात?" शिकवण्यातला एवढा नाजूक बदल वर्गातून वर जायला हवा होता. तो वरून खाली टाकला, म्हणून फुटला.

पाढ्यांबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. पाढा सत्तावीसचाच. "वीस सात" ही कुबडी. हाड जुळलं की काढून ठेवायची.

कुंदा · शनि, १२/०७/२०२५ - २१:३३

बेळगावहून. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नड शिकावंच लागतंय, आणि गल्लीत दोन्ही भाषा कानावर असतात. त्यामुळं हा तुमचा सगळा वाद माझ्या वर्गात रोज फुकटात बघायला मिळतोय की.

कन्नडात सत्तावीसला इप्पत्तेळु म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. वीस सातच! माझी तिसरीची पोरं मराठीत सांगितलं की ७२ करतात, कन्नडात सांगितलं की २७. तीच पोरं, तोच बाक.

पण थांबा, कन्नडवाल्यांचं सगळं सोपं आहे असं नाही. माझी मैत्रीण कन्नड शाळेत आहे, तिच्या वर्गात पहिलीची पोरं २०७ लिहितात. वीस ऐकलं, २० लिहिलं, सात ऐकलं, ७ लिहिलं. म्हणजे नाव सरळ केलं की उलटापालट जाते आणि शून्य राहून जातंय. दौतकाकांची कार्डाची युक्ती मी तिला कळवली, तिथं शून्य झाकलं जातंय ना, म्हणून ती लागू पडेल.

तेव्हा नाव बदललं म्हणजे गणित आलं असं समजू नका. एककाचं घर, दशकाचं घर, हे हातानं कळल्याशिवाय कुठल्याच भाषेत सुटका नाही.

इसारकाठी · रवि, १३/०७/२०२५ - ००:४७

म्युनिकमधून. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून राहवलं नाही.

जर्मनमध्येही आपल्यासारखंच आहे. सत्तावीस म्हणजे "झीबन-उंट-त्स्वान्त्सिश", सात आणि वीस. फोन नंबर लिहून घेताना जर्मन माणूससुद्धा चुकतो आणि "परत सांगा" म्हणतो. इथे २००४ पासून "त्स्वान्त्सिग-आइन्स", म्हणजे "वीस-एक", या नावाची एक संस्थाच आहे. मागणी काय, तर वीस-सात म्हणायचीही मुभा द्या. वीस वर्षं झाली, भाषा जागची हललेली नाही.

हललं ते नॉर्वेत. तिथेही आधी सात-आणि-वीसच होतं. १९५१ साली संसदेने ठराव करून वीस-सात आणलं, आणि त्यामागे रेटा शिक्षकांचा नव्हता, टेलिफोन खात्याचा होता! नंबर चुकीचे लागत होते. आजही म्हातारी माणसं जुनं बोलतात, तरुण नवं बोलतात, नॉर्वे बुडालेला नाही.

आणि पाटीपेन्सिल, तुम्ही पाहिलेला तो "आधी सात, मग मागे येऊन दोन" प्रकार इथल्या शिक्षकांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. ऑस्ट्रियात पहिलीच्या मुलांवर झालेला २००९चा एक अभ्यास आहे, त्यात संख्या लिहिण्यातल्या जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीच्याच निघाल्या. तेव्हा तुमची मुलगी घाटाच्या अंगाची असली तरी तिच्या सोबतीला ऑस्ट्रियाची मुलं आहेत.

टवाळ · रवि, १३/०७/२०२५ - ०९:२०

फ्रेंचांना विसरू नका. ते ऐंशीला "चार वीस" म्हणतात. आमची पणजी अंडी मोजताना "चार विसा" म्हणायची, ती पॅरिसला गेली असती तर भाव करून आली असती.

सिपना · रवि, १३/०७/२०२५ - १९:११

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातून लिहितो. नेटवर्क असलं तर पोस्ट होईल.

बाई, तुमच्याइथं घरात मराठी तं आहे. माझ्या वर्गातली सगळी पोरं कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. घरी कोरकू, बाजारात हिंदी कारण मध्य प्रदेश हाकेवर आहे, आणि शाळेत मराठी. पोरगं दुकानात "सत्ताईस" ऐकते, वर्गात "सत्तावीस" ऐकते, पुस्तकात २७ बघते. मी "सत्तावीस" म्हटलं की त्याला आधी तो शब्द ओळखायचा, मग उलटायचा, मग लिहायचा. तीन नद्या ओलांडून आल्यावर आपण त्याला म्हणतो तू हळू आहेस.

मी काय करतो ते सांगतो. पहिले दोन महिने नावच नाही. गठ्ठे आणि सुटे दाखवायचे, पोरानं लिहायचं. लिहिलेलं दाखवायचं, पोरानं गठ्ठे काढायचे. मोहाच्या टोळ्या म्हणजे बिया वापरतो, सुतळीनं बांधता येत नाहीत म्हणून दहा-दहा द्रोणात. हे पक्कं झालं की मग नाव, कोणत्याही भाषेत. "दो द्रोण सात" म्हणाला तरी माझ्याकडून बरोबर.

आता राग. १६ एप्रिलला आदेश आला, पहिलीपासून हिंदी. त्याच्यावर अडीच महिने महाराष्ट्र पेटला. २९ जूनला आदेश मागे घेतला. दोन्ही बाजूंनी भाषा-भाषा केली. पहिलीच्या पोराला मराठी हीच दुसरी भाषा आहे, असंही या राज्यात कुठं असतं, हे त्या अडीच महिन्यांत टीव्हीवर मी एकदाही ऐकलं नाही. आमच्या पोरांना हिंदी शिकवायला कोणी सांगायची गरज नाही, ते बाजारातून येते. गरज आहे कोरकू येणाऱ्या एका माणसाची वर्गात. मी आठ वर्षांत मोडकीतोडकी शिकलो. आता बदली झाली की माझ्याबरोबर तेवढी कोरकूही जाईल आणि पुढचा मास्तर पुन्हा शून्यापासून.

मोडी · रवि, १३/०७/२०२५ - २२:४०

सिपना, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझे आजोबा-पणजोबा घरी मराठीच बोलत होते, हे मी गृहीत धरलं होतं. "वीस सात"ला माझा विरोध कायम आहे, पण "लाडावून ठेवलंय" हे वाक्य मागे घेतो.

सातबावन्न · सोम, १४/०७/२०२५ - ०८:२६

लोकलमध्ये उभ्याने टाइप करतेय, चुकभूल माफ.

मी शिक्षिका नाही, आई आहे. दोन मुलं. थोरलीने दुसरीत असंच ७२-२७ केलं, दिवाळीपर्यंत आपोआप गेलं. धाकट्याचं गेलं नाही. चौथीत त्याला सात आणि नऊमधलं मोठं कोणतं हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं. घड्याळ कळत नव्हतं. दहाची नोट आणि पाचची दोन नाणी सारखीच, हे रोज नव्याने सांगावं लागायचं. शाळेतून एकच निरोप, "लक्ष देत नाही." मीही मारलंय त्याला. पाचवीत तपासणी झाली, गणनअक्षमता निघाली. आता आठवीत आहे आणि चित्रकलेत त्याचा हात कुणी धरत नाही.

पाटीपेन्सिल ताई, म्हणून सांगते. तुमची मुलगी पन्नासातून तीस कापून वीस परत देते ना? मग तिला "किती" कळतंय. तिला फक्त "कसं लिहायचं" अडतंय. माझ्या मुलाचं "किती"च डगमगत होतं. हा फरक मला पाच वर्षं कुणी सांगितला नाही. अकरापैकी कुणाचं "किती" डगमगतंय का तेवढं जरूर बघा. असेल तर सात वर्षांच्या पोरावर शिक्का नको, पण नोंद ठेवा आणि तुमच्या तालुक्याच्या विशेष शिक्षकांना दाखवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती आहेत. पण त्या दहावीच्या वेळी. दुसरीत जे लागतं ते म्हणजे कुणीतरी पेन्सिलीकडे बघणारं.

कुर्ला आलं.

पाटीपेन्सिल · सोम, १४/०७/२०२५ - २१:१५

सातबावन्न ताई, तुमची पोस्ट वाचून आज मधल्या सुट्टीत चिंचोके पसरले. दोन ढीग, कुठे जास्त? अकरापैकी दहाजणांनी नजरेने सांगितलं. एक मुलगा प्रत्येक वेळी मोजतोय, आणि मोजूनही चुकतोय. तो माझ्या "बरोबर"वाल्या सातांत होता! शेजारच्या वहीतलं बघून लिहायचा. म्हणजे त्या दोन याद्या, माझी आणि खरी, यांचा काही संबंधच नव्हता.

आता अडचण वेगळी. हे सगळं करायला वेळ कुठून आणू? दुसरीचे गठ्ठे मांडले की पहिलीची मुलं मोकळी. यंदा पहिलीला नवा अभ्यासक्रम, त्याचं वाचन वेगळं. पोषण आहाराची रोजची माहिती मोबाइलवर, आधार जुळत नाही त्यांची यादी, यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझे. कुणी म्हणेल रडगाणं, पण आज ११ ते ५ मध्ये मला दुसरीसाठी सलग अशी फक्त पंचवीस मिनिटं मिळाली. मोजली.

दौत · मंगळ, १५/०७/२०२५ - ०६:०५

रडगाणं नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे आणि साठपर्यंत पट असला तरी दोन हवेतच. कागदावर तुमची शाळा नियमात बसते. दोन माणसांत चार वर्ग येतात, हे त्या कोष्टकात कुठे लिहायला जागाच नाही.

वेळ आणता येत नाही, चोरता येतो. परिपाठ होतो ना? फळ्यावर रोज "पट ३१, हजर अमुक" लिहिता ना? ते आजपासून दुसरीच्या मुलाने लिहायचं. आधी तिसरी-चौथीतला एकजण सगळ्यांदेखत मोजणार, मोठ्याने आकडा सांगणार, आणि दुसरीचा एकजण आधी गठ्ठे उचलून मग फळ्यावर लिहिणार. दोन मिनिटं. रोज खरा आकडा, रोज वेगळा, आणि सगळी शाळा त्याच्या हाताकडे बघतेय. तारीखही तशीच. जुलै उतरतोय, तारखा वीसच्या पुढे जातायत, आयतं साहित्य आहे.

आणि पहिलीच्या मुलांना दुसरीच्या गठ्ठ्यांजवळच बसवा. कान उघडे असतात त्यांचे.

ज्या मुलाचं "किती" डगमगतंय त्याला मात्र या खेळात फळ्यासमोर उभं करू नका. त्याला रोज पाच मिनिटं तुमच्या शेजारी. दहाच्या आतच खेळा, पुढे जाऊ नका.

कुंदा · मंगळ, १५/०७/२०२५ - २०:४४

एक राहिलं. घरी पालक वजाबाकी शिकवत असतील तर ते बघून घ्या हं. आपण वर्गात दशक सुटा करून उसना घेतोय, आणि घरी आई-आजोबा खालच्या आकड्यात हातचा मिळवून करतात. दोन्ही बरोबर, पण पोराच्या वहीत दोन्हीची खिचडी होते आणि लाल शाई पोरालाच. मी पालकसभेत फळ्यावर दोन्ही करून दाखवल्या. एक आजोबा इतके खूश झाले, म्हणाले माझी पद्धत चूक नव्हती तर!

पाटीपेन्सिल · शुक्र, २५/०७/२०२५ - २१:५८

दोन आठवडे झाले, हिशोब देते.

हजेरीचा खेळ जोरात चाललाय. मंगळवारी पाऊस होता, पट ३१ हजर १९. एकोणीस! दुसरीचा मुलगा गठ्ठ्याकडे गेला, थांबला, दोन गठ्ठे उचलले, त्यातल्या एकातून एक काडी काढून खिडकीत ठेवली आणि फळ्यावर १९ लिहिलं. मी शिकवलं नव्हतं असं, माळेवर एक मागे यायचं शिकवलं होतं. सर दारात उभे होते, तेही बघत राहिले.

आधी सात लिहून मागे येणारे पाच होते, त्यातले तीन आता दशकापासून लिहितात. दोघांची सवय मोडत नाहीये, घाई झाली की हात पुन्हा जागा सोडतो. ७२वाल्या चौघांतले दोघं सुधारले. एकजण आता २०७ लिहितो, कुंदाताई, तुमची आठवण झाली. त्याला कार्डांवर बसवलंय. करवंदंवाली सत्तावीस नीट लिहिते, त्रेपन्नला अजून अडखळते, "पन्न" पुटपुटते आणि मग पाच.

पाढे जुनेच म्हणतोय, मोडी यांनी निश्चिंत असावं. "वीस सात" मी गठ्ठे उचलताना म्हणते, मुलंही म्हणतात, कुणाची आई अजून भांडायला आलेली नाही.

चिंचोकेवाल्या मुलाबद्दल तालुक्याच्या विशेष शिक्षिकांना फोन केला. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते म्हणाल्या. तोवर आम्ही दोघं दहाच्या आत.

एक प्रश्न. निपुणच्या तपासणीत मुलाने तोंडी "वीस सात" म्हटलं तर धरतील का?

सिपना · शनि, २६/०७/२०२५ - २०:०३

तपासणारा कोण येतो त्याच्यावर आहे. माझ्याकडे एकदा "दो द्रोण सात" ऐकून साहेब हसले आणि बरोबर दिलं. दुसऱ्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनी नाही दिलं. पोरगं तेवढंच हुशार होतं दोन्ही वेळा.

दौत · रवि, २७/०७/२०२५ - ०६:२०

तपासणीआधी आठ दिवस नुसतं नाव आणि गठ्ठे यांची जोडी लावा, दोन्ही दिशांनी. ती काडी खिडकीत ठेवणारा मुलगा तपासणाऱ्यासमोर पहिला बसवा. बाकी मग निभावतं.

तुमच्या माळेचं काय झालं? मधे लिहिलं नाहीत.

पाटीपेन्सिल · रवि, २७/०७/२०२५ - १३:३६

माळ तुटली. जत्रेतल्या जुन्या माळांचे मणी काढून मीच ओवली होती, साध्या दोऱ्यात. शाळा अनुदान यायचंय, आणि जुन्नरच्या बाजारात एका रंगाचे पन्नास मणी एकसारखे मिळेनात.

कुंदा · रवि, २७/०७/२०२५ - १४:१०

अगं मग आधी सांगायचं की! इथं गणपत गल्लीत हवे तेवढे मिळतात. दोन माळा ओवून पुण्याच्या एसटीत पार्सल टाकते, पुढं नारायणगावपर्यंत कसं यायचं ते तू बघ. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कर.

पाटीपेन्सिल · रवि, २७/०७/२०२५ - १४:२५

व्यनि केला. नायलॉनच्या दोऱ्यात ओवा हं, आमची पोरं ओढतात. आणि मणी दोनदा मोजा. माझ्या माळेत नव्व्याण्णवच होते, आठवडाभर मला पत्ता नव्हता. करवंदंवालीने मोजून सांगितलं.

टवाळ · रवि, २७/०७/२०२५ - १४:३१

एकोणशंभर म्हणा की.